लग्न दादरला, माणसं तीनशे, मुहूर्त १२.२० : सुरुवात कुठून करू?

भांडुपची_मुलगी

नमस्कार. पुढच्या फेब्रुवारीत आमचं लग्न आहे. मी भांडुपची, तो बोरिवलीचा. ओळख ऑफिसातली. दोन्ही घरची संमती आहे, साखरपुडाही घरच्या घरी छान झाला. खर्च आम्ही दोघांनी निम्मा निम्मा करायचा, आईवडिलांच्या पीएफला हात लावायचा नाही, यावर आम्ही ठाम आहोत. दागिने सोडून सगळं नऊ लाखांत बसवायचंय.

त्यांची माणसं वेस्टर्नला, आमची सेंट्रलला आणि बाबांकडचे चाळीसएक जण चिपळूणहून येणार, म्हणून दादर ठरवलंय. गुरुजींनी दोन तारखा दिल्यात. एक रविवार, मुहूर्त दुपारी १२.२० चा. दुसरा शुक्रवार, गोरज मुहूर्त, संध्याकाळी ६.३८.

आता घरात रोज चर्चा चालते ती डेकोरेशनच्या रंगाची, एंट्रीच्या गाण्याची आणि पंगत की बुफे याची. बाबांना पंगत हवी, त्याच्या पप्पांना बुफे. मला मात्र सारखं वाटतं की काहीतरी महत्त्वाचं राहून जातंय आणि ते नक्की काय ते कळत नाही. हॉल बघायला जाताना काय विचारायचं? विवाह नोंदणी कधी करायची? ज्यांनी नुकतंच घरचं कार्य केलंय त्यांनी कृपया सांगा.

कार्यालयवाली_मावशी

अगं, आधी अभिनंदन दोघांचं. निम्मा खर्च आणि पीएफला हात नाही, हे ऐकून खरंच बरं वाटलं.

दादरच्या एका मंगल कार्यालयात मी निवृत्त होईपर्यंत व्यवस्थापक होते. बुकिंगची वही, किल्ल्या, भटारखाना, सगळं माझ्याकडे. त्यामुळे थोडं लांबेल, पण नीट वाच.

रंग, गाणं, बुफे हे सगळं नंतर. आधी एका कोऱ्या कागदावर त्या दिवसाचं घड्याळ मांड. मुंबईतलं लग्न फसतं ते वेळेपायी, आणि बाकीचे निम्मे निर्णय त्या कागदावरच आपोआप होतात.

तुझा रविवारच घे. बहुतेक कार्यालयं दिवस दोन सत्रांत देतात. सकाळचं सत्र साधारण साडेतीन-चारला संपतं, कारण पाचला दुसऱ्यांचा रिसेप्शनवाला डेकोरेटर दारात ट्रक लावून उभा असतो. १२.२० ला अक्षता पडल्या की तीनशे माणसं एकदम उठतात. जेवणाच्या हॉलमध्ये एका वेळी शंभर पानं बसतात असं धर. म्हणजे तीन पंगती. वाढणं, जेवण, उष्टं काढणं, टेबलं पुसून परत पानं मांडणं, एका पंगतीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात. साडेबाराला पहिली बसली तर तिसरी उठेपर्यंत पावणेतीन. घरची पंगत त्यानंतर.

आता तुम्ही दोघं या वेळात कुठे असाल? कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी हे सगळं अक्षतांनंतरच असतं. गुरुजी कितीही चपळ असले तरी तासभर हवाच, आणि तो वेळ मी कधी कापू देत नसे. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) ७ व्या कलमातच आहे, जिथे सप्तपदीचा विधी असतो तिथे सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. फोटोवाला घाई करतोय म्हणून सप्तपदी उरकलेली मला कधीच सहन झाली नाही.

होमानंतर तू साडी बदलणार, त्यात अर्धा तास. मग स्टेजवरची रांग. तीनशे माणसं म्हणजे शंभर-सव्वाशे कुटुंबं. एकेका कुटुंबाला फोटोसकट एक मिनिट धरलं तरी दोन तास. बेरीज करून बघ, बसतच नाही. मग काय होतं, जेवून झालेली माणसं पाकीट आईच्या हातात देऊन निघून जातात, तुझी त्यांची भेटच होत नाही, आणि तुम्ही दोघं साडेतीनला गार पुऱ्या खाता. मागून आमचा माणूस खुर्च्या उचलतो. असं जेवणारी नवरानवरी मी इतकी पाहिलीत की कळवळून सांगतेय.

यावर दोन उपाय आहेत. एक, रांग लावायचीच नाही. अक्षता झाल्यावर होमाच्या आधी दहा मिनिटं दोघांनी खाली उतरून ज्येष्ठांना खुर्चीत बसल्या जागी नमस्कार करायचा, आणि नंतरचे फोटो गटागटाने घ्यायचे: ऑफिस एक, सोसायटी एक, चिपळूण एक. दुसरा उपाय, कार्यालय पूर्ण दिवसाचं घ्यायचं. सकाळी विधींना घरची ऐंशी-शंभर माणसं, संध्याकाळी सातला बाकीची. भाडं वाढतं, पण माणसं तेवढीच राहतात, कुणी दोनदा जेवत नाही. तुमच्या बजेटमध्ये मला पहिलाच उपाय बरा वाटतो.

त्यात पंगत की बुफे याचंही उत्तर आलं. साठीच्या पुढच्यांना आणि गावच्या मंडळींना पहिली पंगत, बसून, आग्रहाने. बाकीच्यांना त्याच वेळी दुसऱ्या बाजूला बुफे. केटररला आधी सांगितलं की तो हे सहज करतो, पदार्थ तेच. दोन्ही वडिलांचा मान राहतो आणि तास-सव्वा तास वाचतो.

आता रविवार की शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला दादर स्टेशनला काठापदराची साडी नेसून, लहान मूल कडेवर घेऊन कोणी चढून-उतरून दाखवावं. रविवारच घ्या. फक्त रविवारी मेगाब्लॉक असतो हे विसरू नका. सेंट्रलला तो बहुतेक सकाळी अकराच्या आसपास सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, मधली काही स्टेशनं सुटतात, गाड्या उशिरा धावतात. म्हणजे नेमका तुमचा मुहूर्त. वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. तुझ्या एखाद्या भावाकडे हे काम दे: शनिवारी ब्लॉकची माहिती बघून सगळ्यांना एकच मेसेज, "साडेदहाच्या आत दादरला पोचा, नाश्ता तयार आहे." पत्रिकेतच "सकाळी ९.३० पासून अल्पोपाहार" छापा. उपमा, शिरा आणि चहा एवढंही पुरतं. लवकर आलेल्या माणसाला गरम चहा मिळाला की तो दिवसभर खूश असतो.

चिपळूणच्या मंडळींसाठी तुतारी एक्सप्रेस बरी, सकाळीच दादरला सोडते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख आजच कॅलेंडरवर लिही. कोकणच्या गाड्या भरायला वेळ लागत नाही.

हॉल बघायला जाल तेव्हा भाड्याचा आकडा ऐकून माना डोलवू नका. विचारा: जीएसटी धरून की वेगळा? नुसत्या हॉलच्या भाड्यावर १८ टक्के असतो, लहान आकडा नाही तो. वीज मीटरप्रमाणे की भाड्यात? केटरर आणि डेकोरेटर त्यांच्याच यादीतले घ्यावे लागतात का? बाहेरचा आणला तर रॉयल्टी किती? डिपॉझिट किती दिवसांत परत? होमाला परवानगी आहे का, हे तर नक्की विचारा. एसी हॉलमध्ये धुराची भीती असते, काही जण फक्त छोट्या कुंडाला हो म्हणतात आणि ते गुरुजींना आयत्या वेळी कळतं. वर आणि वधू दोन्ही पक्षांच्या खोल्यांना आतून-बाहेरून कुलूप लागतं का ते स्वतः लावून बघा.

कुलपाचं मुद्दाम सांगतेय. कार्यालयात चोरी करणारा माणसासारखा माणूस असतो, इस्त्रीचा झब्बा, कपाळाला गंध. मुलीकडच्यांना वाटतं तो मुलाकडचा आहे, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पर्स ठेवून सगळे अक्षता टाकायला उठले की काम झालं. दागिन्यांची आणि पाकिटांची पिशवी एकाच माणसाकडे, खांद्याला अडकवलेली, आणि त्या माणसाला त्या दिवशी दुसरं कुठलंही काम नाही. आत्या, मामी, कोणीही, पण फोटोची हौस नसलेली निवड.

जेवणाचं शेवटचं. केटररला हमीचा आकडा तीनशे देऊ नका. अडीचशे पक्की, वर लागतील तशी, असं लिहून घ्या. ताट सातशेचं धरलं तर पन्नास ताटांचे पस्तीस हजार होतात. आणि ताटं मोजायला आपला एक माणूस उभा करा. केटररवर अविश्वास म्हणून नाही, शेवटी हिशोबाला दोघांकडे एकच आकडा असावा म्हणून.

नोंदणीचं उद्या लिहिते, नातू बोलावतोय.

वरमाई_मुलुंड

मावशींनी वेळेचं सगळं सांगितलं आहे. मी गेल्या वर्षी वरमाई झाले, तर माझ्या बाजूने थोडं लिहिते.

मानपानाचा विषय मुलगा-मुलीने स्वतः काढा, दोन्ही आयांना समोरासमोर बसवून, साखरपुड्यानंतर लगेच. आमच्याकडे मुलानेच काढला. कोणाला साडी, कोणाला पाकीट, कोणाला नुसता नारळ, हे एका कागदावर लिहिलं आणि दोन्ही घरांत त्याच कागदाची प्रत ठेवली. मुलाच्या आत्याला काय द्यायचं हे मुलीच्या आईने अंदाजाने का ठरवावं? मीच सांगितलं, आत्याला सुती साडी आवडते, हिंदमाताला छान मिळते, पैठणीची गरज नाही. विहीणबाईंच्या खांद्यावरचं ओझं उतरलं आणि आत्याही खूश. यात लाजण्यासारखं काही नाही. न बोलता मनात ठेवलेलंच पुढे वर्षानुवर्षं निघत राहतं.

हळद सोसायटीत असेल तर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद म्हणजे बंद. नियमच आहे, १० ते सकाळी ६. मांडव मोकळ्यावर असेल तर पोलिस ठाण्याची परवानगी आधी घ्या. हळद संध्याकाळी पाचला सुरू केली की नाचून, जेवून साडेनऊला सगळं आटोपतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठणारी नवरी थोडी तरी झोपते.

आणि बारावीचे पेपर फेब्रुवारीतच सुरू होतात. जवळच्या नात्यात बारावीचं मूल असेल तर तारीख पक्की करण्याआधी त्याच्या आईला फोन करा.

नोंदणीवाले_दोघे

आम्ही विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) लग्न केलं, म्हणून तोही मार्ग माहीत असावा. तिथे आधी नोटीस द्यावी लागते, मग ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. नाहीतर नोटीस नव्याने. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. लग्नाला तीन साक्षीदार.

मुंबईकरांचा इथे एक घोळ होतो. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. तुम्ही भांडुप-बोरिवलीचे, म्हणजे दोघंही उपनगरचे. हॉल दादरला म्हणून शहर जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन उभे राहिलात तर ते परत पाठवतील. पत्ता राहण्याचा बघतात, हॉलचा नाही.

आम्ही सकाळी सह्या केल्या, दुपारी साठ माणसांना जेवण दिलं, अळूची भाजी, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. आम्हाला तेच हवं होतं. तुम्हाला विधी हवे असतील तर जरूर करा, पण कोणाच्या दडपणाखाली नको. विधी हवेत पण अर्थ कळून हवेत, असं असेल तर पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने लग्न लावणाऱ्यांची चौकशी करा. प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगतात, स्त्री पुरोहितही असतात. माझ्या बहिणीचं तसं झालं, आणि मंडपातली माणसं गप्पा न मारता ऐकत होती.

भांडुपची_मुलगी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर घड्याळ मांडलं. मावशी, खरंच बसत नाही. तो म्हणाला, रांग नकोच, आपण खाली उतरू. पंगत आणि बुफे दोन्ही, हे ऐकून बाबा आणि पप्पा चक्क एकमेकांना फोन करून बोलले.

रविवारच ठरवतोय. आम्हाला विधी हवेत, त्यामुळे साध्या नोंदणीचं सांगाल का? आणि त्या दिवशी आमच्या हातात काय ठेवायचं, म्हणजे पैसे, फोन, याद्या?

कार्यालयवाली_मावशी

हातात काहीच ठेवायचं नाही. फोनसुद्धा नाही. डेकोरेटर, केटरर, फोटोवाला, गुरुजी, मेंदीवाली, बसवाला, या सगळ्यांचे नंबर आणि कोणाला किती द्यायचे राहिलेत ते एका कागदावर लिहून दोन माणसांकडे द्या, एक तुझ्याकडचा, एक त्याच्याकडचा. द्यायचे पैसे वेगवेगळ्या पाकिटांत, वर नाव आणि रक्कम. आठ दिवस आधी सगळ्यांना सांगून टाका की त्या दिवशी काही लागलं तर या दोघांना विचारायचं. नवरी बोहल्यावर उभी आणि केटरर कोपऱ्यातून "ताई, बर्फ संपलाय" म्हणून खुणा करतोय, हे व्हायला नको. वडिलांनाही त्यातून मोकळं ठेव. मुलीच्या बापाने त्या दोन तासांत हिशोब का करावेत? त्याला मंगलाष्टकं ऐकू देत.

आता नोंदणी. धार्मिक पद्धतीने लग्न लागल्यावर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विवाह नोंदणी होते, महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली. मुलाचा पत्ता बोरिवलीचा, म्हणजे आर मध्य विभाग. लग्नापासून ९० दिवसांच्या आत करा, पुढे दंड लागतो. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही.

माणसं अडतात ती या शेवटच्या सहीपाशी. लग्न झालं, गुरुजी पुढच्या लग्नाला नाशिकला गेले, मग फोनाफोनी. नमुना 'ड' चा अर्ज आधीच छापून, भरून, लग्नाच्या दिवशी गुरुजींच्या दक्षिणेच्या पाकिटासोबत ठेवा. सप्तपदी झाली, आशीर्वाद घेतले, की तिथेच सही आणि त्यांच्या आधार कार्डाची प्रत. पाच मिनिटांचं काम आहे. तीन साक्षीदारही असे निवडा की जे नंतर कामाच्या दिवशी बोरिवलीला येऊ शकतील. चिपळूणच्या काकांना साक्षीदार केलंत तर त्यांना पुन्हा यावं लागेल.

पत्रिका छापायला गिरगावात खाडिलकर रोडला जाल तर जाण्याआधी दोघांची आधार कार्डं समोर ठेवून नावं लिहा. घरात हाक मारायचं नाव आजी-आजोबांच्या आग्रहाने छापायचं असेल तर बाजूला छापा, पण पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव कागदपत्रांप्रमाणेच हवं. तीच पत्रिका पुरावा म्हणून जाणार आहे. लग्नाची तारीख, वेळ आणि कार्यालयाचा पूर्ण पत्ताही त्यावर असू दे.

हार आणि गजरे दादरच्या फूलबाजारातून पहाटे आणणार असाल तर ज्याला भाव करता येतो आणि जो वेळेवर उठतो अशाच माणसाला पाठवा. कार्यालय जवळ असल्याचा तोच तर फायदा. वधूवरांचे हार मात्र आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी दोन सारखे मिळत नाहीत.

भांडुपची_मुलगी

मावशी, सहीचं आमच्या डोक्यातच नव्हतं, आज अर्ज छापून घेते. या रविवारी दोन कार्यालयं बघायला जातोय. किती वाजता जाऊ? त्यांनी सकाळी दहाची वेळ दिलीय.

कार्यालयवाली_मावशी

दहाला सगळी कार्यालयं सुंदर दिसतात. फोन करून दीडची वेळ माग, त्या दिवशी तिथे लग्न असेल तर उत्तमच. दुसरी पंगत चालू असताना जा. हात धुवायच्या जागी पाणी साचलंय का, बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर किती रांग आहे, लिफ्ट चालू आहे की सामान वाहायला अडवलीय, जेवणाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर असेल तर जिन्यावर गर्दी तुंबते का, हे सगळं तेव्हाच कळतं. त्याच्या आजी येणार असतील तर त्यांनाही ने, जिना त्या स्वतः चढून बघतील. आणि निघताना तिथल्या वाढप्याला हळूच विचार, या हॉलमध्ये एका वेळी खरोखर किती पानं बसतात. ऑफिसातला माणूस दीडशे सांगेल. वाढपी सांगेल तो आकडा घड्याळाच्या कागदावर लिही आणि इथे कळव, मी वेळा पुन्हा मांडून देते.